१७. सादरीकरण : साधने आणि पथ्ये

प्रस्तावना

आपले म्हणणे चार माणसांसमोर मांडण्याचा प्रसंग प्रत्येकाच्या जीवनात केव्हा ना केव्हा येतो. बचतगटाच्या बैठकीत वर्षाचा हिशेब सांगावा लागतो, ग्रामसभेत पाणीयोजनेची माहिती द्यावी लागते, कारखान्यात नव्या यंत्राचे काम सहकाऱ्यांना समजावून द्यावे लागते. पूर्वी अशा वेळी फळा, खडू आणि कागदाचे तक्ते पुरेसे होत. आज त्यांच्या जोडीला संगणक आणि प्रोजेक्टर आले आहेत. पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या पानांना ‘स्लाइड’ म्हणतात आणि त्यांच्या आधारे विषय मांडण्याच्या क्रियेला ‘सादरीकरण’ म्हणतात.

साधन हाती आले म्हणजे कला साधली, असे होत नाही. अक्षरांनी गच्च भरलेल्या स्लाइड वक्ता वाचून दाखवतो आणि श्रोते कंटाळून जातात, हा अनुभव सर्वत्र येतो. क्वचित प्रसंगी अशा मांडणीमुळे महत्त्वाची गोष्ट नजरेआड होऊन मोठी हानीही होऊ शकते. म्हणून चांगले सादरीकरण कसे करावे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• सादरीकरणाची आपल्याकडील परंपरा सांगू शकाल;
• सादरीकरणासाठी उपलब्ध असलेल्या साधनांची माहिती देऊ शकाल;
• सदोष आणि निर्दोष स्लाइडमधील फरक ओळखू शकाल;
• मराठी मजकुराची स्लाइड करताना घ्यावयाची काळजी स्पष्ट करू शकाल;
• एखाद्या विषयावर स्वतः लहानसे सादरीकरण तयार करू शकाल.

मूळ पाठ

१७.१ चित्रे दाखवून सांगण्याची परंपरा

चित्र दाखवायचे आणि त्याच्या आधाराने विषय सांगायचा, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी ही कला पिढ्यानपिढ्या जपली आहे. रामायण-महाभारतातील कथांवरील चित्रांचा एक संच असतो, त्याला ‘पोथी’ म्हणतात. सूत्रधार एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने त्या प्रसंगाचे निरूपण करतो. तो प्रसंग संपला की चित्र बाजूला होते आणि पुढचे समोर येते. या कलेसाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने प्रयोग सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवावयाची आणि सोबत कथा सांगावयाची, असे त्यांचे स्वरूप होते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यापूर्वीच मराठी प्रेक्षक पडद्यावरील चित्रकथांमध्ये रंगून जात असत.

या दोन्ही कलांमध्ये एक गोष्ट समान आहे. कथेचा भार निवेदकाच्या वाणीवर असतो आणि चित्र त्या वाणीला साहाय्य करते. चित्रकथी आपले निरूपण चित्रावर लिहून ठेवत नाही. एका वेळी एकच चित्र आणि एकच प्रसंग, हा त्याचा नियम आहे. आजच्या स्लाइडलाही हाच नियम लागू पडतो.

१७.२ आजची साधने

संगणकावर स्लाइड तयार करण्यासाठी अनेक प्रणाली उपलब्ध आहेत. त्यांतील सर्वांत परिचित प्रणाली म्हणजे पॉवरपॉइंट. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी विकसित केलेली ही प्रणाली १९८७ साली बाजारात आली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती विकत घेतली. ‘लिबर ऑफिस’मधील ‘इम्प्रेस’ ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि इंटरनेट नसतानाही चालते. ‘गूगल स्लाइड्स’ इंटरनेटवर वापरता येते व एकाच सादरीकरणावर अनेक जण निरनिराळ्या ठिकाणांहून काम करू शकतात. यांपैकी काही प्रणाली मोबाइलवरही चालतात.

तथापि संगणक उघडण्यापूर्वी लागणारी साधने याहून साधी आहेत : कोरा कागद आणि पेन्सिल. श्रोते कोण आहेत, त्यांना काय ठाऊक आहे आणि सादरीकरण संपल्यावर त्यांनी काय लक्षात ठेवावे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहावीत. नंतर कागदावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत एकेक मुद्दा मांडावा. मुद्द्यांचा क्रम जुळला की मगच संगणकाकडे वळावे.

पाठगत प्रश्न १७.१

१. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) चित्रकथी परंपरेतील चित्रांच्या संचाला ............ म्हणतात. (पट, पोथी, बखर)
(आ) ‘शांबरिक खरोलिका’चे प्रयोग ............ येथील पटवर्धन यांनी सुरू केले. (कुडाळ, कल्याण, कोल्हापूर)
२. चूक की बरोबर ते लिहा.
सादरीकरणाचा आराखडा करण्यासाठी प्रथम संगणक उघडणे आवश्यक असते.

१७.३ मानकनगरचे उदाहरण

उत्तर प्रदेशाची राजधानी लखनौ. या शहरात कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मानकनगर नावाचे स्थानक आहे. ‘मानक’ म्हणजे प्रमाण, सर्वांनी पाळावयाचे ठरलेले माप. भारतीय रेल्वेची ‘संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना’ येथे आहे. रेल्वेच्या व्यवहारात ती आर.डी.एस.ओ. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. १९३० साली स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ साली सुरू झालेले रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र यांच्या एकत्रीकरणातून १९५७ साली ही संघटना उभी राहिली. रूळ, पूल, डबे, इंजिने, सिग्नल यांचे अभिकल्प तयार करणे, त्यांच्या चाचण्या घेणे आणि मानके ठरवणे हे तिचे कार्य आहे.

समजा, ‘रेल्वेला मानकांची गरज का आहे?’ या विषयावर एखाद्या विद्यार्थ्याला दहा मिनिटांचे सादरीकरण करावयाचे आहे. तो पहिली स्लाइड पुढीलप्रमाणे तयार करतो.

स्लाइड ‘क’
शीर्षक : गेज
• गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर होय.
• भारतात विविध गेज अस्तित्वात होते व आहेत.
• ब्रॉड गेज १६७६ मिमी, मीटर गेज १००० मिमी, नॅरो गेज ७६२ मिमी व ६१० मिमी.
• विविध गेजमुळे अनेक अडचणी निर्माण होत असत.
• प्रवासी व माल यांना त्रास होत असे.
• एकसमान गेजचे धोरण १९९२ साली स्वीकारण्यात आले.
• मानके फार महत्त्वाची आहेत.

या स्लाइडवरील कोणतेही विधान असत्य नाही. तरीही ती श्रोत्याच्या मनात काहीच उभे करत नाही. ‘गेज’ या शीर्षकावरून काय समजून घ्यावयाचे, हे कळत नाही. ‘अनेक अडचणी’ म्हणजे कोणत्या, हे सांगितलेले नाही. चार मापे एका ओळीत दिल्यामुळे त्यांतील फरक डोळ्यांना दिसत नाही. सात मुद्दे सारख्याच आकाराच्या अक्षरांत असल्याने त्यांपैकी महत्त्वाचा कोणता, हेही उमगत नाही.

आता हाच विषय दुसऱ्या रीतीने मांडलेला पाहा.

स्लाइड ‘ख’
शीर्षक : रुळांचे माप बदलले, की गाडीही बदलावी लागे.
चित्र : एकाखाली एक चार आडव्या रेषा – १६७६, १०००, ७६२ आणि ६१० मिलिमीटर या प्रमाणात आखलेल्या. रेषेच्या टोकाशी तिचे माप.

या स्लाइडवर आणखी काही नाही. उरलेले विद्यार्थी तोंडाने सांगतो : “सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी स्थानक आठवा. मुंबई-पुण्याकडून येणारी मोठी गाडी १६७६ मिलिमीटरच्या मार्गावरून येई. पंढरपूरला किंवा बार्शीला जाणारी लहान गाडी ७६२ मिलिमीटरच्या मार्गावरून धावे. लोक तिला ‘बार्शी लाइट’ म्हणत. रुळांमधील अंतर निम्म्याहून कमी असल्यामुळे मोठ्या गाडीचा डबा त्या मार्गावर जाऊच शकत नसे. विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेल्या वारकऱ्याला बोचके उचलून गाडी बदलावी लागे. धान्याचे प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग रुंद झाला आणि ही उतरचढ थांबली.”

दोन्ही स्लाइडमधील माहिती जवळजवळ तीच आहे. पहिलीत श्रोत्याला वाचावे लागते, दुसरीत तो पाहतो आणि ऐकतो. चार रेषा पाहताच मापांतील तफावत कळते. वारकऱ्याचे बोचके आणि धान्याचे पोते यांच्या उल्लेखामुळे ‘अडचण’ हा शब्द न वापरताही ती समजते.

१७.४ चांगल्या स्लाइडची पथ्ये

वरील उदाहरणावरून काही पथ्ये सांगता येतील.

(१) एक स्लाइड, एक मुद्दा. दोन मुद्दे असतील तर दोन स्लाइड कराव्यात. स्लाइड वाढल्याने काही बिघडत नाही, गर्दी वाढल्याने बिघडते.

(२) शीर्षक पूर्ण वाक्याचे असावे. ‘पाणीपुरवठा’ असे लिहिण्याऐवजी ‘उन्हाळ्यात दोन विहिरी आटतात’ असे लिहावे. केवळ शीर्षके ओळीने वाचली तरी विषयाचे सार कळले पाहिजे.

(३) वक्ता जे बोलणार आहे ते स्लाइडवर लिहू नये. डोळे वाचत असताना कान नीट ऐकू शकत नाहीत. भाषणाची टिपणे स्लाइडखालील टिपणांच्या जागेत लिहावीत. ती वक्त्याला आपल्या संगणकावर दिसतात, पडद्यावर दिसत नाहीत.

(४) अक्षरे मोठी असावीत. मागच्या रांगेतील ज्येष्ठ व्यक्तीला वाचता आले पाहिजे, ही कसोटी ठेवावी. मजकुरासाठी अक्षरांचा आकार २८ पेक्षा कमी करू नये. जागा अपुरी वाटली तर अक्षरे लहान न करता शब्द कमी करावेत.

(५) रंग मोजके असावेत. फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरे किंवा गडद पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे वापरावीत. तांबडा आणि हिरवा हे रंग काही व्यक्तींना वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून केवळ या दोन रंगांवर भेद दाखवू नये.

(६) आकड्यांना तुलनेची जोड द्यावी. एकट्या आकड्याला अर्थ नसतो. स्तंभालेख काढताना स्तंभ शून्यापासून सुरू करावेत. मधूनच सुरू केल्यास लहान फरकही मोठा भासतो आणि श्रोत्यांची दिशाभूल होते.

(७) उडणारी अक्षरे, फिरणारी चित्रे आणि आवाज टाळावेत. त्यांनी लक्ष वेधले जाते, पण ते विषयाकडे राहत नाही.

१७.५ मराठी मजकुराची विशेष काळजी

देवनागरी अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. त्यामुळे दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर ठेवावे लागते. अक्षरे तिरपी करू नयेत. भर द्यावयाचा असेल तर ठळक करावीत.

मराठी मजकूर युनिकोड पद्धतीनेच टंकलिखित करावा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये तयार केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली, आणि तेथे तो फाँट नसला, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिलेला आहे आणि १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात समावेश आहे. म्हणजे तेही एक मानकच होय. ‘मुक्त’, ‘नोटो सान्स देवनागरी’ असे युनिकोड फाँट विनामूल्य मिळतात.

मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेतील अक्षरांची प्रमाण रूपे निश्चित केली. फाँट निवडताना ही वळणे पाहून घ्यावीत.

सादरीकरणाची एक प्रत पीडीएफ स्वरूपात करून पेन ड्राइव्हमध्ये ठेवावी. तिच्यात अक्षरे जशीच्या तशी राहतात आणि ऐनवेळी फजिती होत नाही.

पाठगत प्रश्न १७.२

१. स्लाइड ‘क’ मधील कोणतेही दोन दोष लिहा.
२. योग्य पर्याय निवडा. स्तंभालेखातील स्तंभ कोठून सुरू करावेत?
(अ) सर्वांत लहान संख्येपासून (आ) शून्यापासून (इ) सरासरीपासून
३. युनिकोड पद्धत वापरण्याचा मुख्य लाभ कोणता?

१७.६ एका स्लाइडने दिलेला धडा

१६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे अवकाशयान सात अंतराळवीरांसह आकाशात झेपावले. त्यांत हरियाणातील कर्नालमध्ये जन्मलेल्या कल्पना चावला होत्या. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरील इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून आपले निष्कर्ष स्लाइडच्या रूपाने मोहिमेच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवले.

त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक मन निश्चिंत करणारे होते. त्याखाली अनेक मुद्दे व उपमुद्दे होते. ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या एकाच स्लाइडवर पाच वेळा आला होता आणि प्रत्येक वेळी त्याचा नेमका अर्थ काय, हे स्पष्ट होत नव्हते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी तळाशी, लहान अक्षरांत होती. पूर्वीच्या चाचण्या ३ घन इंच आकाराच्या तुकड्यांवर झाल्या होत्या, तर पंखावर आदळलेल्या तुकड्याचा अंदाजे आकार १९२० घन इंच होता. म्हणजे तो ६४० पट मोठा होता. पूर्वीचा तुकडा दोन काडेपेट्यांएवढा असेल, तर हा पंधरा लिटर तेलाच्या दोन डब्यांएवढा होता. जुन्या चाचण्यांचा आधार येथे पुरेसा नाही, हाच त्याचा अर्थ होता. परंतु तो शीर्षकात नव्हता.

यान धोक्यात नाही, असा अधिकाऱ्यांचा समज कायम राहिला. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या प्रवासात पंखाच्या भेगेतून अतितप्त वायू आत शिरले, यान टेक्सासच्या आकाशात विखुरले आणि सातही जण मृत्युमुखी पडले.

चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडचे केलेले विश्लेषण त्यात समाविष्ट आहे. दुर्घटनेचे कारण स्लाइड नव्हती. फेसाचा आघात हे तिचे प्रत्यक्ष कारण होते आणि संघटनेच्या कार्यपद्धतीतील दोषही तिला कारणीभूत होते. परंतु तांत्रिक अहवालाच्या जागी केवळ स्लाइडवर विसंबून राहण्याच्या सवयीवर मंडळाने टीका केली.

या घटनेतून तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत. सर्वांत गंभीर बाब सर्वांत वर आणि सर्वांत ठळक लिहावी. ‘लक्षणीय’, ‘पुरेसे’, ‘बरेच’ असे मोघम शब्द न वापरता आकडा सांगावा. आणि गुंतागुंतीच्या विषयासाठी स्लाइडसोबत सविस्तर लेखी टिपण द्यावे. रेल्वेचा पूल असो, गावाची पाण्याची टाकी असो, की रुग्णाच्या औषधांची नोंद असो, जेथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे तेथे ही काळजी घेणे हे कर्तव्यच ठरते.

१७.७ प्रत्यक्ष सादरीकरण

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी घड्याळ लावून किमान दोनदा सराव करावा. सभागृहात वेळेपूर्वी पोहोचून प्रोजेक्टर, वीजजोडणी आणि ध्वनिक्षेपक तपासावा. सुरुवात ‘एफ ५’ ही कळ दाबून करता येते. श्रोत्यांचे लक्ष स्वतःकडे हवे असेल तेव्हा ‘बी’ ही कळ दाबावी, म्हणजे पडदा काळा होतो. पुन्हा तीच कळ दाबली की स्लाइड परत दिसते. पडद्याकडे तोंड करून बोलू नये, श्रोत्यांकडे पाहून बोलावे. वीज गेली तर स्लाइडशिवायही विषय सांगता यावा, इतकी तयारी असावी. अखेरीस प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवावा. एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगून नंतर कळवावे.

आपण काय शिकलात?

• चित्रकथी आणि शांबरिक खरोलिका या परंपरांत चित्र निवेदनाला साहाय्य करते. स्लाइडचे कार्यही तेच आहे.
• आधी विचार, मग कागदावरील आराखडा आणि शेवटी संगणक, असा क्रम असावा.
• एका स्लाइडवर एकच मुद्दा, पूर्ण वाक्याचे शीर्षक, मोठी अक्षरे आणि मोजके रंग असावेत.
• मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहावा आणि पीडीएफ प्रत जवळ ठेवावी.
• महत्त्वाची बाब तळाशी दडवू नये. मोघम शब्दांऐवजी आकडे द्यावेत.

पाठान्त प्रश्न

१. चित्रकथी आणि आजचे सादरीकरण यांतील साम्य व भेद सांगा.
२. स्लाइड ‘ख’ ही स्लाइड ‘क’ पेक्षा परिणामकारक का ठरते, ते सोदाहरण स्पष्ट करा.
३. कोलंबिया यानासंबंधीच्या स्लाइडमध्ये मांडणीचे कोणते दोष होते? त्या स्लाइडसाठी तुम्ही कोणते शीर्षक द्याल?
४. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एक प्रश्न निवडा. त्यावर पाच स्लाइडचा आराखडा कागदावर तयार करा. प्रत्येक स्लाइडचे शीर्षक पूर्ण वाक्यात लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१७.१ : १. (अ) पोथी (आ) कल्याण २. चूक
१७.२ : १. शीर्षकावरून आशय कळत नाही. मापांतील फरक दिसत नाही. ‘अनेक अडचणी’ हे मोघम आहे. सर्व मुद्दे सारख्याच आकारात आहेत. (कोणतेही दोन) २. (आ) शून्यापासून ३. कोणत्याही संगणकावर मराठी अक्षरे योग्य रूपात दिसतात.